श्रीमती लक्ष्मीबाई टिळक

नाशकापासून थोड्या अंतरावर, गंगापूरच्या वाटेने गेले असता, गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे एक लहानसे गाव लागते. सहलीच्या निमित्ताने आमच्यापैकी पुष्कळ विद्यार्थी त्या वाटेने गेले असतील. परंतु मराठी वाङ्मयात जिचे नाव अढळ झाले आहे अशा एका स्त्रीचे हे जन्मगाव होय, ही गोष्ट त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. इ. स. १८६८ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस तेथील गोखल्यांच्या घरी ती कन्या जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. हीच पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची पत्नी लक्ष्मीबाई झाली. पुष्कळ वर्षे टिळकांची पत्नी एवढाच त्यांचा परिचय करून देण्याचा प्रघात होता. कालाची गती मोठी विचित्र! आज टिळकांच्या कविता ज्यांनी वाचल्या नाहीत, असेही अनेक वाचक टिळकांना चांगले ओळखतात, आणि ते लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांतून.

मनूचे बालपण ज्या घरात गेले त्या घराची हकीकत समजून घेतल्यावाचून तिच्या पुढील आयुष्याचा अर्थ लागत नाही. १८५७ च्या बंडानंतर तिच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. ह्या आघाताने मनूच्या वडिलांच्या मनावर जो परिणाम झाला तो अगदीच अनपेक्षित होता. त्यांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू विटाळलेली आहे असे त्यांच्या मनाने घेतले. धान्य, डाळी ह्या तर धुऊन घेतल्या जातच. परंतु मीठसुद्धा धुतल्यावाचून त्या घरी चालत नसे. मीठ धुतल्यावर किती उरते, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यातील विद्यार्थीही सांगू शकेल! लक्ष्मीबाईंनी पुढे म्हातारपणी हे सारे इतक्या विनोदाने वर्णिले आहे की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. मात्र ते हसू ओसरल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. सोवळ्याची आज्ञा पुरुषाची असे, व ते सोवळे राखण्याचे कष्ट बायकांचे असत. पाणी वाहावयाचे त्यांनी, धुवावयाचे त्यांनी, ओलेत्याने वावरावयाचे त्यांनी, आणि चूक झाली की बोलणी व मार खावयाचा तोही त्यांनीच. शिवाशिवीचा नियम गावकुसाबाहेरच्या माणसांना जसा दूर लोटीत होता, तसाच तो घरातील स्त्रीलाही रात्रंदिवस राबवीत होता. ही दोन्ही दुःखे एकाच मुळातून निघालेली आहेत, हे त्या लहान मुलीला तेव्हा कळणे शक्य नव्हते. तिला इतकेच समजत होते की आई नेहमी थकलेली असते. नाशकास आत्याच्या घरी मात्र काही मायेचे दिवस तिच्या वाट्याला आले.

शिक्षणाच्या नावाने तर शून्यच होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा पुण्यात १८४८ साली काढली होती, म्हणजे मनूच्या जन्माच्या वीस वर्षे अगोदर. परंतु पुण्यात उगवलेला तो प्रकाश जलालपुरातील ब्राह्मणाच्या माजघरापर्यंत पोचला नव्हता. मनूपेक्षा दहा वर्षांनी वडील असलेल्या पंडिता रमाबाईंशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. रमाबाई बालपणीच पुराणे मुखोद्गत म्हणू लागल्या, आणि पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पदवी देऊन गौरविले. दोघीही ब्राह्मणकुलातील, दोघींनीही पुढे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पण एकीच्या हाती वडिलांनी लहानपणीच विद्या दिली, आणि दुसरीच्या हाती दिली ती पाण्याची घागर. म्हणूनच लक्ष्मीबाईंनी पुढे जे मिळविले त्याचे मोल मला तरी अधिक वाटते.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचा विवाह झाला. वर नारायण वामन टिळक हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. नाशकास गणेशशास्त्री लेले ह्यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले होते. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, कवित्व उपजत. पण स्वभाव एखाद्या वावटळीसारखा. कोणासही न सांगता घरातून निघून जावे, महिनोन्महिने पत्ता लागू देऊ नये, एका गावी शाळा काढावी, दुसऱ्या गावी कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. मागे राहिलेल्या मुलीने कोणाच्या घरी राहावे, काय खावे, ह्याचा विचार करण्याची समाजाने पुरुषावर सक्तीच केलेली नव्हती. पती घरी नसला म्हणजे पत्नी ही सासर व माहेर ह्यांच्यामधील एक ओझे होऊन बसे. लक्ष्मीबाईंनी ही ओझ्याची स्थिती वर्षानुवर्षे सोसली. झालेली मुलेही एकामागून एक दगावली. १८९१ साली देवदत्त हा पुत्र झाला, तो मात्र जगला.

ह्या काळात टिळकांनी एक उत्तम गोष्ट केली. पत्नीला वाचावयास शिकवावयाचे त्यांनी मनावर घेतले. गुरू उतावळा, विद्यार्थिनी संसाराने गांजलेली, त्यामुळे हे शिक्षण कित्येकदा रुसव्याफुगव्यात संपे. जोडाक्षरांशी तर त्यांचे जन्मभर वैर राहिले. तथापि अक्षरओळख झाली, व पुस्तक हाती धरण्याचे भय गेले. आम्ही शिक्षक शुद्धलेखनाच्या चुकीखाली तांबडी रेघ ओढण्यात फार तत्पर असतो. लक्ष्मीबाईंच्या वह्या आमच्या हाती पडल्या असत्या तर त्यांत काळ्यापेक्षा तांबडेच अधिक दिसले असते, आणि मराठीतील एक श्रेष्ठ ग्रंथ आम्ही नापास केला असता.

टिळकांच्या मनात धर्माविषयीची खळबळ पुष्कळ दिवस चालू होती. हिंदु समाज जातिभेदाने पोखरला आहे व त्यास नव्या पायावर उभे केले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले होते. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याची त्यांची गाठ पडली व त्याने त्यांना नवा करार दिला. त्या वाचनाचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात झाला. ह्या निर्णयाची पत्नीला आधी कल्पना नव्हती. ती दूर आप्तांकडे होती, आणि वार्ता आली तेव्हा सर्व होऊन चुकले होते.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. टिळकांच्या धर्मांतराविषयी आमच्या समाजात मोठ्या अभिमानाने बोलले व लिहिले गेले आहे, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मलाही यत्किंचित शंका नाही. परंतु दोन जन्मांचा निकाल लावणारी गोष्ट एकट्याने ठरवून टाकावी, व जिच्याशी आयुष्य बांधले तिला पत्राने कळवावे, ही रीत पुरुषाच्या जुन्या अधिकारातूनच आलेली होती. ज्या जातिभेदाच्या अन्यायाविरुद्ध टिळक उभे राहिले, त्याच्या शेजारीच हा दुसरा अन्याय उभा होता. तो त्यांना त्या घडीस दिसला नाही. लक्ष्मीबाईंना तो पुरेपूर भोगावा लागला.

त्यांच्यापुढे उभे राहिलेले संकट असे होते. पती हाच देव, तो जाईल तेथे पत्नीने जावे, हे त्यांना लहानपणापासून शिकविलेले. आणि जातीबाहेर गेलेल्याच्या हातचे पाणीही पिऊ नये, हेही त्याच तोंडांनी शिकविलेले. आजवर ह्या दोन आज्ञा एकमेकींच्या आड कधी आल्या नव्हत्या. आता एक पाळावी तर दुसरी मोडते. पतीकडे गेल्यास धर्मभ्रष्ट. न गेल्यास पतीने टाकलेली. ती सधवा होती, पण संसार नव्हता. आणि पती जिवंत असता विधवेच्या दुःखापेक्षा वेगळे असे तिच्याजवळ काय होते? भोवतालचे लोक सहानुभूती दाखवीत, तीही अशी की ऐकणाऱ्याचे काळीज फाटावे.

कायद्याची बाजू पाहू गेल्यास तीही एकांगीच होती. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. धर्मांतरामुळे पती किंवा पत्नी सहवास नाकारील, तर धर्मांतर करणाऱ्याला न्यायालयात जाऊन काही मुदतीनंतर तो विवाह रद्द करून घेता येत असे. म्हणजे हा दरवाजा टिळकांसाठी उघडा होता. लक्ष्मीबाईंसाठी नव्हता. विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक १८५६ च्या कायद्याने मिळाली होती खरी, पण नवरा जिवंत असलेल्या उच्चवर्णीय हिंदु स्त्रीस घटस्फोट ही वस्तूच ठाऊक नव्हती. तसा सर्व हिंदु स्त्रियांना लागू होणारा कायदा व्हावयास १९५५ साल उजाडावे लागले. टिळकांनी मात्र त्या उघड्या दरवाजाकडे कधी पाहिले नाही. दुसरा विवाह करण्याचा विचार त्यांनी मनातही आणला नाही. ते पत्रांमागून पत्रे पाठवीत राहिले. त्यांच्या स्वभावातील पुष्कळ दोष ह्या एका गोष्टीने धुऊन निघतात.

लक्ष्मीबाई पंढरपुरास आपली वडील बहीण भिकूताई ह्यांच्या आश्रयास राहिल्या. दुःखाने त्यांचे चित्त भ्रमिष्टासारखे झाले होते. त्याच दिवसांत त्यांना कविता सुचू लागली. जिला जोडाक्षर लिहिताना घाम फुटे, तिच्या मुखातून ओव्या व पदे बाहेर पडू लागली. रडून मोकळे व्हावे तशी ती कविता होती. पण मनाला आधार तिनेच दिला.

काही वर्षांनी लहान मुलाला बरोबर घेऊन त्या नगरकडे टिळकांजवळ जावयास निघाल्या, तेव्हा ख्रिस्ती होण्याचा विचार त्यांच्या मनात मुळीच नव्हता. पतीजवळ जावयाचे, पण जात सोडावयाची नाही, असा त्यांनी त्या दोन आज्ञांतून आपल्यापुरता मार्ग काढला. प्रारंभी बिऱ्हाड निराळे, मग एकाच घरी पण चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनीही ह्या बाबतीत जबरदस्ती केली नाही. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा व सोवळ्यात स्वयंपाक करणारी बायको असा तो अपूर्व संसार मिशनच्या आवारात काही काळ चालला होता.

ह्या संसाराचा शेवट पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे पतीच्या उपदेशाने झाला नाही, आणि कोणा धर्मोपदेशकाच्या प्रवचनानेही झाला नाही. लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. पशूंत, पक्ष्यांत देवाने जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत मात्र तसे काही चिन्ह आढळत नाही. मग माणसांच्या जाती केल्या कोणी? माणसांनीच केल्या असल्या पाहिजेत. आणि माणसांनी केलेले माणसाने मोडण्यास हरकत कोणती? असा सरळ, घरगुती युक्तिवाद त्यांच्या मनात उभा राहिला. त्यात न पांडित्य होते, न कोणत्या ग्रंथाचा आधार. पण एकदा तो पटल्यावर त्यांनी उद्यावर लोटले नाही. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांनी सुरुवात केली. मीठ धुणाऱ्या बापाची ती मुलगी होती, हे लक्षात ठेवावे, म्हणजे त्या पहिल्या घोटासाठी केवढे बळ लागले असेल ह्याची कल्पना येईल.

ध्यानात घेण्यासारखे हे की त्यांनी जातिभेद सोडला तो आधी, आणि ख्रिस्ती दीक्षा घेतली ती नंतर, १९०० साली. नवरा गेला म्हणून बायको गेली, असा हा प्रकार नव्हता. तसेच असते तर १८९५ सालीच त्या गेल्या असत्या व पुष्कळ यातना वाचल्या असत्या. पाच वर्षे त्यांनी घेतली ती स्वतःच्या बुद्धीस पटण्यासाठी घेतली. त्या काळी स्त्रीला स्वतःची अशी निराळी धर्मबुद्धी असू शकते, ही कल्पना हिंदु समाजाला नवी होती. ख्रिस्ती समाजालाही ती जुनी होती असे म्हणता येणार नाही. पतीच्या मागोमाग पत्नी व मुले ह्यांची नावे नोंदवहीत चढविण्याची घाई आमच्याकडेही पुष्कळ ठिकाणी होत असे.

त्याच सुमारास, म्हणजे १८९९-१९०० साली, मोठा दुष्काळ पडला. टिळक दांपत्याच्या घरी पोरकी मुले येऊन राहू लागली. कोणत्या जातीचे कोण, ह्याची विचारपूस आता त्या घरात नव्हती. नगरास प्लेगाचा कहर झाला तेव्हा सग्यासोयऱ्यांनीही टाकलेल्या रोग्यांची शुश्रूषा लक्ष्मीबाईंनी झोपड्यांत राहून केली. मळलेल्या, आजारी, परक्या मुलांना न्हाऊमाखू घालणारे ते हात ज्या हातांनी एकेकाळी मीठ धुतले गेले त्याच घरातील होते. सेवेची ही हकीकत अशी आहे की एरवी बोलघेवड्या असलेल्या लक्ष्मीबाईंनी ती अगदी साधेपणाने सांगितली आहे, म्हणून येथे अधिक विस्तार करीत नाही.

ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केल्याने भेदभावाचा प्रश्न सुटला, असे मात्र कोणी समजू नये. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. देवळात ते एका बाकावर बसत. परंतु सोयरीक जुळवावयाची वेळ आली की जुनी जात हळूच डोके वर काढी, आणि ब्राह्मणातून आलेल्यास मिशनऱ्यांकडून व मंडळीकडूनही थोडा अधिक मान मिळे. ही गोष्ट आमच्या नियतकालिकांत झाकून ठेवण्याची चाल आहे. पण झाकल्याने जखम बरी होत नसते. टिळकांनी गोरा मिशनरी व देशी ख्रिस्ती ह्यांमधील अंतराविरुद्धही आवाज उठविला, व १९१७ साली देवाचा दरबार स्थापून त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांसही प्रवेश ठेवला. लक्ष्मीबाईंनी चळवळ वगैरे काही उभारली नाही. त्यांनी आपले स्वयंपाकघर सर्वांना मोकळे केले. तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांना महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो, ते नगरास ह्याच घरात मुलासारखे राहिले होते. माहेरच्या मंडळींशीही त्यांनी संबंध तोडला नाही. धर्म निराळा झाला तरी भिकूताई ही बहीणच राहिली.

पतिपत्नींच्या संबंधाविषयी लिहावयाचे तर ते दोघे भांडत, आणि मनसोक्त भांडत. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. किराणा आणावयास नेलेली रक्कम वाटेतच कोणा गरजूच्या कारणी लागे, आणि घरी चूल तशीच थंड राहे. स्त्रियांच्या थोरवीवर उत्कृष्ट कविता लिहिणारा हा पुरुष घरात कित्येकदा अत्यंत हट्टी व रागीट होई. लक्ष्मीबाईंनी हे काहीएक लपविले नाही. पतीचे चरित्र म्हणजे पतीची पूजा अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी त्यांचे गुणदोष सारख्याच मोकळेपणाने मांडले, आणि तरीही पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी प्रेमच उरते. जेथे एक बोलतो व दुसरे ऐकते, तेथे भांडण होत नाही. जलालपूरच्या घरी आईने कधी भांडण केले नव्हते. नगरच्या घरी मुलगी बरोबरीने भांडत होती. ह्या दोन घरांमधील अंतर म्हणजेच लक्ष्मीबाईंचे आयुष्य, असे मला कित्येकदा वाटते.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीत होत्या. ज्या समाजात त्या जन्मल्या, तेथे विधवेला केशवपन व कोपऱ्यातील जागा ठरलेली असे. त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली, पुढे मुलाच्या संसाराबरोबर कराचीपर्यंत प्रवास केला, आणि पतीने अपुरे टाकलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य हाती घेतले. टिळकांच्या हातून त्याचे थोडेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. पतीच्या अपुऱ्या ग्रंथाचा इतका मोठा भाग पत्नीने पुरा करावा, असे उदाहरण आपल्या भाषेत मला दुसरे आठवत नाही.

स्मृतिचित्रांचा जन्म तर एखाद्या योगायोगासारखाच झाला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी टिपून ठेवावयास सांगितले. आई लिहू लागली, आणि ज्या पतीच्या चरित्राची ती साधने गोळा करीत होती त्याच्याच शेजारी तिची स्वतःची मूर्ती उभी राहत गेली. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला व मराठी वाचकांनी तो डोक्यावर घेतला. बोलीभाषेतील साधी वाक्ये, कोठेही अलंकारांचा सोस नाही, स्वतःवर हसण्याची तयारी पानोपानी. विद्वानांच्या मराठीपेक्षा माजघरातील मराठी किती समर्थ आहे, हे तिने दाखवून दिले. १९५० साली ह्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, व त्यानंतरही पुनः झाले आहे.

लक्ष्मीबाईंची ही अखेरची वर्षे नाशकात गेली, आणि नाशिक तेव्हा शांत नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला होता. शेकडो अस्पृश्य स्त्रीपुरुष पंचवटीत मंदिराच्या दारांशी बसले. दारे बंद करण्यात आली. हा लढा सुमारे पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदु म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मीठ धुणाऱ्या घराची आठवण कागदावर उतरत होती, आणि तेथून काही मैलांवर माणसाच्या सावलीचा विटाळ मानणारी दारे बंदच होती.

स्मृतिचित्रांचे शेवटचे प्रकरण लक्ष्मीबाईंच्या हातून पुरे झाले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. उरलेला मजकूर देवदत्तांनी लिहून चौथा भाग त्याच वर्षी छापला, आणि ख्रिस्तायनही त्यांनीच शेवटास नेऊन १९३८ साली प्रसिद्ध केले.